तासाला एक फूल

आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या मास्तरांना "अकोला किती लांब आहे हो?" असं साधं विचारायची सोय नव्हती. ते चष्मा कपाळावर चढवायचे, विचारणाऱ्याकडे कीव आल्यासारखं बघायचे आणि म्हणायचे, "कोन्त्या वाटेनं? पाखराच्या का मोटारीच्या?" पाखराच्या वाटेनं एक्कावन्न मैल, मोटारीच्या वाटेनं साठ. एवढ्यावर थांबतील तर शपथ. "आन् अंतर सांगतलं म्हंजे येळ सांगतली असं समजू नका. त्या दोन येगळ्या गोष्टी हायेत." विचारणाऱ्याला तीनची मोटार मिळेल की नाही एवढंच हवं असायचं. तो बिचारा मान हलवत निघून जायचा.

माझं माहेर अकोल्याचं, म्हणून हा प्रसाद मला शाळेत रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात मिळाला. मी तेव्हा नवी नवरी, अमरावतीत नवीन आणि शिक्षिका म्हणूनही नवीन. मराठी शिकवायची. दिवाळीला माहेरी जायचं म्हणून सहज विचारलं, तर मास्तरांनी मला भूगोलाच्या खोलीत नेलं, पृथ्वीचा गोल पुढ्यात ठेवला आणि अकोला-अमरावतीवर एक काळा दोरा धरला. "बघा बाई. जवारीचा अर्धा दाना. एवढ्यासाठी तुमी रडता सासरी येतांनी!" मला राग आला होता. पुढे तीस वर्षं माहेरी जाताना तो अर्धा दाणा आठवायचा आणि हसू यायचं.

तो दोरा म्हणजे मास्तरांचं शस्त्र. शिंप्याकडच्या रिळाचा, मेण लावून ताठ केलेला, शाईचे बारीक ठिपके दिलेला. शाळेच्या गोलावर एक इंच म्हणजे सहाशे साठ मैल, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी पाठ. पोरं त्यांना पाठीमागे 'दोरा मास्तर' म्हणायची आणि मास्तरांना ते ठाऊक होतं. दर सुट्टीत ते शाळेचा गोल घरी न्यायचे. सायकलच्या कॅरिअरवर उशीसारखं जुनं धोतर, त्यावर गोल, वर सुतळीचे चार वेढे. गांधी चौकातून ते असे निघाले की टांगेवाले ओरडायचे, "बाजू व्हा रे, दुनिया चालली!" मास्तर शांतपणे घंटी वाजवत पुढे जायचे.

वर्गात ते पुस्तकी बोलायला सुरुवात करायचे आणि दोरा हातात आला की वऱ्हाडीत शिरायचे. मुंबई ते न्यूयॉर्क हा त्यांचा हातखंडा धडा. आधी भिंतीवरच्या नकाशावर दोरा ताणायचा. तो अरबस्तान, आफ्रिकेची वरची बाजू, मग समुद्र असा सरळ जायचा. मग तोच दोरा गोलावर ताणायचा. एखाद्या पोट्ट्याला बोलावून विचारायचे, "सांग, कुठून चालला?" पोट्टं बोट फिरवत जायचं आणि ओरडायचं, "सर, हा त बर्फात घुसला!" मास्तरांचा चेहरा असा खुलायचा की जणू तो रस्ता त्यांनीच आखलाय. "नकाशा खोटं बोलते बाप्पा. गोल खोटं बोलत नाही." हे वाक्य आमच्या शाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येकाला आजही म्हणता येईल.

मास्तर स्वतः विमानात कधी बसले नव्हते. विमान जवळून पाहिलंही नव्हतं. पण मुंबईच्या विमान कंपन्यांना ते सुंदर अक्षरात पत्रं लिहून वेळापत्रकं मागवायचे. रंगीत चोपड्या यायच्या. पोस्टमन त्या शिक्षकांच्या खोलीत अदबीने आणून द्यायचा, कारण त्याची खात्री झाली होती की मास्तर आज ना उद्या विलायतेला जाणार. एकदा एका कंपनीने उलट विचारलं की तिकीट कोणत्या तारखेचं काढायचं? मास्तरांनी उत्तर लिहिलं आणि पाठवण्याआधी मला शुद्धलेखनासाठी दाखवलं: 'मला जावयाचे नाही. गेलो असतो तर केव्हा पोचलो असतो, एवढेच हवे आहे.' मी एक वेलांटी दुरुस्त केली. बाकी त्यात सुधारण्यासारखं काही नव्हतं.

शाळा तपासायला एकदा साहेब आले. त्यांनी सातवीतल्या एका मुलीला उभं करून विचारलं, "मुंबईहून लंडन किती लांब?" ती धीट पोरगी म्हणाली, "कोन्त्या वाटेनं साहेब? पाखराच्या का जहाजाच्या?" साहेब पुण्याकडचे. त्यांना वाटलं पोरगी तोंड वर करून बोलतेय. हेडमास्तरांच्या कपाळाला घाम. पण मास्तर पुढे झाले, साहेबांच्याच हातात दोऱ्याचं एक टोक दिलं आणि म्हणाले, "धरा मुंबईवर." साहेबांनी धरलं. दुसरं टोक मास्तरांनी लंडनवर ओढलं. पावणेसात इंचांहून जरासं जास्त भरलं. वर्गातल्या पन्नास पोरांनी एका सुरात गुणाकार केला, आणि उत्तर साडेचार हजार मैलांच्या किंचित आत आलं. पुस्तकात जहाजाचं अंतर छापलेलं होतं, ते याहून पुष्कळच जास्त. साहेबांनी चिडून विचारलं, "तुम्ही कधी विमानात बसलात?" मास्तर म्हणाले, "चंद्रावर तरी कोन बसलं साहेब? त्याचं अंतर पुस्तकात हायेच ना!" साहेबांनी शेऱ्यात काय लिहिलं ते हेडमास्तरांनी आम्हाला कधी सांगितलं नाही.

असा हा माणूस सगळ्यात हौसेनं पुढे. फक्त शाळेची सहल चिखलदऱ्याला निघाली की त्यांच्या पोटात दुखायचं. दर वर्षी. आम्ही शिक्षक त्यावर चेष्टा करायचो, मीही त्यात होते. त्याची आज लाज वाटते.

आता आमच्या घराबद्दल थोडं सांगायला हवं. गावाबाहेर आमचा फुलांचा-भाजीचा मळा होता, घरही तिथेच. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. सासरे जाऊन बरीच वर्षं झालेली, मळा आत्याबाईच बघायच्या. शेवंती, झेंडू, मोगरा. पहाटे फुलं तोडून अंबादेवीच्या देवळाबाहेर विकायला बसायच्या आणि दिवसभर जिभेनं सगळ्यांना सरळ करायच्या. अक्षर एक ओळखत नव्हत्या. पण एकुलत्या एका मुलाला त्यांनी शिकवलं. आमचे हे मास्तरांचेच विद्यार्थी. पुढे सूतगिरणीचं काम शिकायला विलायतेला जायची त्यांना शिष्यवृत्ती मिळाली. दोन वर्षांसाठी. लंडनला उतरायचं आणि तिथून आगगाडीने मँचेस्टर.

आत्याबाईंचा एक नेम होता. घरचं माणूस गावाला निघालं की ते पोचेपर्यंत घराला केरसुणी लावायची नाही. मी अकोल्याला गेले की त्या तीन तास फडा कोपऱ्यात उभा करून ठेवायच्या, मग झाडायच्या. गेल्या माणसामागे लगेच केर काढला की त्याच्या वाटेत अडथळा येतो, असं त्यांचं म्हणणं. आता मुलगा निघाला होता विमानानं, आणि प्रश्न असा पडला की घर किती वेळ झाडायचं नाही?

"त्या दोरेवाल्या मास्तराले बोलाव," त्या मला म्हणाल्या.

मास्तर आले. सायकलवरून दुनिया सोडवली आणि ओसरीवर ठेवली. आत्याबाईंनी अडचण सांगितली. मला वाटलं, मास्तर हसतील. ते हसले नाहीत. खिशातून वही काढून त्यांनी तो नेम शब्दन् शब्द लिहून घेतला आणि म्हणाले, "बरोबर हाये वयनी. वाट पाहाचं बी माप पाहिजे." मग दोन तास बसून त्यांनी हिशेब मांडला. विमान सरळ जात नाही, वाटेत उतरतं, तेल घेतं. ताशी मैल इतके, थांबे इतके. एकूण तेवीस तास. आकडेमोड मी त्यांच्या शेजारी बसून पडताळली.

"तेवीस मले कसे समजतीन?" आत्याबाई म्हणाल्या. "मले घड्याळ येत नाही."

"जेलचे टोले ऐकू येते ना मळ्यात? टोले पडले की एक फूल ओवा. तासाले एक फूल. रातची फुलं पहाटे एकदम ओवून टाका. तेवीस फुलं झाले की पोरगा पोचला. मग बिनधास्त झाडा."

आत्याबाई खूश झाल्या. हार ओवणं त्यांच्या हातातलं काम. गोल पुन्हा बांधताना मास्तर सहज म्हणाले, "नेम चांगला हाये तुमचा. मी कुठी गेलो त कोनाचं घर झाडाचं थांबते?" त्यांच्या घरी कुणी नव्हतं. आत्याबाई त्यावर काही बोलल्या नाहीत. हे मला लक्षात राहिलं, कारण आत्याबाईंनी न बोलणं ही दुर्मिळ गोष्ट होती.

हे निघाले. बडनेऱ्याहून मुंबई, आणि मंगळवारी सकाळी आठला विमान. आठचे टोले पडले तेव्हा आत्याबाईंनी सुईत दोरा घातला आणि नऊच्या टोल्यांना पहिली शेवंती ओवली. बुधवारी सकाळी सातला तेवीस फुलं झाली. संध्याकाळपर्यंत सुखरूप पोचल्याची तार येईल असं मास्तरांनी सांगितलं होतं. फडा हातात घेऊन आत्याबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी तो पुन्हा कोपऱ्यात ठेवला. "तार येऊ दे," म्हणाल्या. "आता एवढी थांबली, आनखी थांबतो."

तार आली नाही. चार वाजले, पाच वाजले. आत्याबाईंनी सकाळपासून अन्नाला हात लावला नव्हता. हार तेवीस फुलांचा, तसाच मांडीवर. त्या नुसत्या फाटकाकडे बघत होत्या. विमानं पडतात हे मीही वर्तमानपत्रात वाचलं होतं. शेवटी मी चालत मास्तरांकडे गेले आणि त्यांच्या दारात उभी राहून रडले. तो रडण्याचा आवाज मला स्वतःलाच अनोळखी वाटला.

मास्तरांनी गोल कॅरिअरवर बांधला.

आमच्या ओसरीवर बसून त्यांनी पुन्हा दोरा काढला. मुंबईवर धरला, लंडनवर ओढला. बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी कपाळावर हात मारला.

"वयनी, चुकलो मी."

आत्याबाईंनी वर पाहिलं.

"दोरा आखूड धरला गेला माह्या हातून. आन् उलटा वारा धरलाच नाही! या महिन्यात तिकडून इकडं वारा असते. तेवीस नाही, एक्केचाळीस तास लागते. पोरगा अजून वाटेतच हाये. तुमी उगाच घोर लावून बसल्या. उद्या दुपारी तार."

"एक्केचाळीस," आत्याबाई म्हणाल्या.

"एक्केचाळीस. आनखी अठरा फुलं. जेवून घ्या, आन् ओवा."

आत्याबाईंनी दोन क्षण त्यांच्याकडे पाहिलं. मग मला म्हणाल्या, "भाकर वाढ वं." आणि सुई हातात घेतली.

मी मास्तरांना फाटकापर्यंत पोचवायला गेले. मी तो हिशेब त्यांच्याबरोबर केला होता. वारा धरला होता, थोडा जास्तच धरला होता. मी म्हटलं, "सर, एक्केचाळीस कुठून आले?"

"कुठून बी नाही," ते म्हणाले.

मग सायकलचं हँडल धरून, माझ्याकडे न बघता त्यांनी सांगितलं. तरुणपणी ते तेल्हाऱ्याला शिकवायला होते. बायको आजारी, हवा बदलायला चिखलदऱ्याला तिच्या भावाकडे ठेवलेली. बोलावणं आलं तेव्हा त्यांनी नकाशावर पट्टी ठेवली. चाळीस मैल भरले. त्यांनी उलट निरोप धाडला, शुक्रवारी दिवस मावळायच्या आत येतो. पट्टीला घाट दिसत नाही. ते पोचले शनिवारी दुपारी. ती शनिवारी पहाटे गेली होती. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत उशीला टेकून बसलेली होती म्हणे, बोलत होती. दिवस मावळला तेव्हा आडवी झाली, ती मग उठलीच नाही.

"सांगतलेली येळ टळली की वाट पाहनारं मानूस खचते, बाई. मी रविवार सांगतला असता त ते रविवारपर्यंत बसली असती." त्यांनी पायडलवर पाय ठेवला. "तुमच्या सासूले आजची रात बसवाची हाये. उद्याचं उद्या."

चिखलदऱ्याच्या सहलीवरून केलेली सगळी चेष्टा मला त्या फाटकापाशी आठवली. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण ते निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी मास्तर शाळेत आले नाहीत. नोकरीत त्यांनी आजारपणाखेरीज काढलेली ही पहिली रजा. ते सकाळपासून तार ऑफिसच्या बाकावर बसून होते. दुपारी तीनच्या सुमाराला ते सायकल मारत मळ्यात शिरले, आणि आज कॅरिअरवर गोल नव्हता. धोतराचा सोगा चाकात अडकून फाटलेला. "पोचला!" ते फाटकातूनच ओरडले. "पोचला वयनी, पोचला!" मागून पाच मिनिटांनी तारवाला आला. त्याची तार मास्तरांनी नुसती वाचून घेतली होती, आणायचं काम त्याचं त्याच्यावर सोडलं होतं. आत्याबाईंनी हाराला गाठ मारली, देवाला घातला, आणि फडा घेऊन सगळं घर झाडलं. झाडताना त्या रडत होत्या. मी तर केव्हाची रडत होते.

पुढे ह्यांचं पत्र आलं. वाटेत धुकं लागलं म्हणून विमान एका गावी बसून राहिलं होतं. एकूण चव्वेचाळीस तास. मास्तरांनी ते ऐकलं आणि दोन दिवस घुश्शात होते. "खरा आकडा एकवीस तासांनी चुकला," मला म्हणाले, "आन् खोटा तीन तासांनी! कशाले शिकवू मी भूगोल?"

त्यांना तो खोटा आकडा पचत नव्हता. एका रविवारी ते मुद्दाम आले, ओसरीवर उभेच राहिले, बसले नाहीत. "वयनी, एक कबूल करतो. ते एक्केचाळीस मी मनानंच सांगतले. माही चूक झालीच नव्हती."

आत्याबाई मोगऱ्याच्या कळ्या निवडत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही. "मले काय तवाच समजलं नाही? जन्मात जो मानूस चुकलो म्हनला नाही, तो माह्यापुढी कपाळावर हात मारून राहिला! म्हटलं, मास्तर माह्यासाठी खोटं बोलून राहिले. म्हून गप फुलं ओवली."

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"बसा आता, चा घ्या," आत्याबाई म्हणाल्या. "पन एक सांगतो. आजपासून तुमच्या आकड्यावर माहा भरोसा नाही."

ते हसले. मी त्यांना इतकं मोकळं हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्यानंतर ते दर रविवारी चहाला येत, आणि आत्याबाई दर रविवारी त्यांना त्या खोट्यावरून टोचत.

हे परत आले, मुलं झाली, मास्तर निवृत्त झाले. एकटं राहणं झेपेना म्हणून पुतण्याने त्यांना अकोल्याला न्यायचं ठरवलं. शाळेचा गोल त्यांनी शाळेला परत केला, त्याआधी ओल्या फडक्यानं सगळे समुद्र पुसून काढले. मेणाचा दोरा मला दिला. सकाळी नऊच्या मोटारीवर आम्ही दोघं त्यांना पोचवायला गेलो. मी चिडवायला विचारलं, "किती वेळ लागेल, सर?" ते म्हणाले, "तीन तास. पाखराले कमी." मोटार सुटली तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. बहुतेक मैलाचे दगड मोजत असतील.

घरी आले तर आत्याबाई ओसरीवर सुई-दोरा घेऊन बसलेल्या. पहिलं फूल ओवून झालं होतं. फडा कोपऱ्यात. बाराचे टोले पडले, तीन फुलं झाली. शाळेला त्या दिवशी सुट्टी होती, अंगणात कडुलिंबाचा पाला पडलेला, म्हणून मी फडा उचलला.

"ठेव तो."

"आत्याबाई, तीन तास झाले. पोचले असतील."

"कोन सांगते? मास्तरायचा आकडा?" त्यांनी चौथं फूल घेतलं. "एक डाव खोटं बोलला तो मानूस. चिठ्ठी येऊ दे."

त्या दिवशी घर झाडलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पाला दारापर्यंत आला. शेजारीण येऊन नाक मुरडून गेली. मुलं पाल्यात लोळून घरभर कचरा करत होती. हार ओसरीच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत पोचला आणि पहिली फुलं कोमेजायला लागली. आत्याबाई टोले ऐकत होत्या आणि ओवत होत्या.

तिसऱ्या दिवशी पोस्टकार्ड आलं. तेच सुंदर अक्षर. मी मोठ्याने वाचलं:

'वहिनींस नमस्कार. मूर्तिजापूरला चाक बसले, म्हणून तीन तास बावन्न मिनिटे लागली. हा आकडा खरा आहे. मी सुखरूप पोचलो. आता घर झाडण्यास हरकत नाही.'

आत्याबाईंनी शेवटची ओळ पुन्हा वाचायला लावली. मी वाचली. मग त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, मी पुढे केलेला हात बाजूला सारला, आणि तीन दिवसांचा केर एकट्यानेच काढला.